एकोणीस हातांचा कागद

एक

काल संध्याकाळी त्या कागदावर एकोणीस हात होते. आज सकाळी वीस झाले होते.

मी तीनदा मोजले. पहिल्यांदा नजरेने, दुसऱ्यांदा बोटाने आणि तिसऱ्यांदा चष्मा पुसून. डाव्या हाताची तर्जनी माझी अर्धीच आहे, वडिलांच्या बुधवार पेठेतल्या बाइंडिंगच्या दुकानात कटिंग मशीनने नेली. पण मोजायला पुरते. वीस म्हणजे वीस.

आमच्या कलाश्रय संग्रहालयाचा पुरस्कार त्याच संध्याकाळी सहाला जाहीर व्हायचा होता. पुण्यात आणि आसपास काम करणाऱ्या एका चित्रकाराला तो दरवर्षी देतात. शाल, नारळ असतोच, पण खरा मान पुढचा: जिंकलेली कृती संग्रहालय कायमची आपल्याकडे ठेवतं. मानपत्रावर छापलेलं असतं, ‘ही कृती आम्ही जिवापाड सांभाळू.’ यंदा पंचविसावं वर्ष. शेवटच्या फेरीत दोघं उरली होती आणि त्यातली एक होती मांजरी गावची चैताली. हा बारा फुटी कागद तिचा.

उसाच्या चिपाडाचा लगदा करून तिने तो घरच्या अंगणात थापला, हळदीत रंगवला आणि गावातल्या एकोणीस बायकांना बोलावलं. ज्यांनी जन्मभर ऊस खुरपला आणि ज्यांच्या रानात आता चौदा मजली इमारती उभ्या आहेत, अशा बायका. प्रत्येकीने चुन्याच्या पाण्यात हात बुडवून कागदावर ठेवला. हळदीला चुना लागला की काय होतं, ते सांगायला शास्त्रज्ञ नको. पिवळ्यावर लालभडक पंजे उमटले. खाली नाव नाही, गाव नाही. नुसते हात.

विसावा हात कागदाच्या डाव्या टोकाला होता, बाकीच्यांपासून फटकून. डावा पंजा. त्या एकोणीस जणींनी हात ठेवला होता. हा मात्र कोणीतरी टेकला होता, अंधारात भिंत शोधावी तसा. मनगटापासून एक लाल ओघळ खाली आलेला.

“शालनताई, रगत हाय का ह्ये?” आमचा पहारेकरी कचरू माझ्या खांद्यावरून बघत होता.

“गप रे,” मी म्हटलं. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं, म्हणूनच जरा जोरात म्हटलं.

इमारतीत नको इतकी शांतता होती. शेजारच्या बांधकामावरचे मजूर मतदानाला गावी गेले होते, त्याला चार दिवस झाले. आत येताना चपला काढायच्या मांडणीत एक कोल्हापुरी जोड तेवढा दिसला होता, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. म्हटलं, कोणी हौशी पाहुणा नऊ तास आधीच आलाय. पुण्यात असतात असे.

तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष रंगनाथ सर, त्यांच्या भाचीचा.

“मामा तिकडे आहे का हो? काल रात्री तो घरी आलाच नाही. फोनही बंद. साखरेचं औषध इथेच पडलंय.”

दोन

सुहासिनीबाई नेहमीप्रमाणे मागच्या दाराने आल्या. तीस वर्षं त्या संचालिका आहेत. संग्रहालयाची भिंत आणि बाई यांत फरक करायचा तर भिंतीला रंग देतात, एवढाच. कागदासमोर येऊन त्या थबकल्या.

“हा इथे कसा?” त्या म्हणाल्या. “पुढच्या दालनात होता ना?”

मग त्यांना तो हात दिसला. त्यांनी पदर दोनदा सारखा केला.

माझ्यावर बाईंचे उपकार आहेत, हे इथेच सांगून टाकते. वडिलांचं दुकान बंद पडायच्या बेताला आलं होतं, शेजारीपाजारी सगळी रेडिओ-टीव्हीची दुकानं झाली होती. बाई एक जुनी पोथी शिवून घ्यायला आल्या, माझं काम बघितलं आणि म्हणाल्या, “उद्यापासून ये.” मी दहावी नापास. पहिल्या दिवशी त्यांनी मला मागच्या बोळातल्या बेसिनपाशी उभं केलं, कपडे धुवायच्या साध्या साबणाची वडी हातात दिली आणि म्हणाल्या, “देवळात जाताना पाय धुतात. इथे हात.” वासाचा साबण नाही, हातमोजे नाहीत. कागदाला वास लागतो आणि मोज्यातून कागद कळत नाही. सव्वीस वर्षांत आम्ही दोघींनी तो नियम मोडला नाही.

भाचीने पोलिसांत कळवलं आणि साडेदहाला फौजदार तेजस्विनी आल्या. पंचविशीची पोर, पण नजर सासूची.

“रक्त?”

“नाही,” मी म्हटलं. “माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातला देव्हारा काढला. तरी आई हळदीचं कुंकू घरी करून पेठेत विकायची. हळद लाल कशी होते, हे मी चालायच्या आधी शिकले. हे रक्त नाही.”

“म्हणजे हळदीवर चुना. म्हणजे हिचीच रीत. त्या चैतालीची.” त्यांनी कचरूकडे वळून पाहिलं. “आणि तुमच्या तळहातावर काय आहे?”

कचरूने मूठ मिटली. तंबाखू मळणाऱ्या माणसाच्या डाव्या तळव्यावर काय असणार?

“म्या न्हाई, सायेब! सहाला बाईंनी मला मंडईत हारं आणाया धाडलं. साडेसातला आलो. हारवाल्याला इचारा.”

“रंगनाथ सरांना शेवटचं कोणी पाहिलं?”

“मी,” बाई शांतपणे म्हणाल्या. “सव्वासहाला ते रिक्षाने गेले. फाटकापर्यंत मीच सोडलं.” मग जरा थांबून, जड आवाजात: “खरं तर सांगणार नव्हते. त्याआधी सरांचं आणि चैतालीचं फार वाजलं. मुलगी गुणी आहे, पण तापट. ती त्यांच्यामागून गेली का, ते मला माहीत नाही.”

तीन

चैताली अकराला आली. आईची इस्त्रीची साडी नेसून, पुरस्काराच्या तयारीने. दारात पोलीस बघून तिचा चेहरा उतरला.

“सर हरवलेत? आन् तुमी मला इचारताय?”

“काल भांडलात कशावरून?” तेजस्विनी म्हणाल्या.

“भांडण न्हाई.” ती ओठ चावत राहिली. मग माझ्याकडे बघून बोलली, जशी काही मीच तिथली एकटी मराठी कळणारी. “ताई, सर मला म्हनले, पुरस्कार मिळाला तर घेऊ नको. नुसतं एवढंच. मी म्हनलं, का? माझी लायकी न्हाई का? तर म्हनले, उद्यापर्यंत थांब, आधी मला एक बघून येऊ दे. मला राग आला. माझ्या आईचा हात हाय त्या कागदावर, तिसरा. तिला काय सांगू, की सर म्हनतात घेऊ नको? मी वरडले आन् सहाला निघून गेले.”

“काय बघून येणार होते?”

“न्हाई सांगितलं. दिवसभर त्यांचं एकच चाललेलं, पंचवीस वर्षांची पंचवीस कामं एकत्र मांडू. मागच्या चोवीस जणांची कुठं ठेवलीत, म्हनून सारखं इचारत होते.”

“आणि हा कागद पुढच्या दालनातून इथे, मागच्या दालनात कोणी हलवला?” मी विचारलं.

“सरांनीच सांगितलं. तिथं खिडकीतून ऊन येतं, हळद उडून जाईल म्हनले. चारच्या सुमारास मी आन् कचरूमामांनी हलवला. बाई दुपारपासनं बाहेर होत्या, त्यांना इचारायला कोणी नव्हतं.”

तेजस्विनींनी वही मिटली. ती मिटण्याची तऱ्हा मला आवडली नाही. सर बेपत्ता, भांडण कबूल, ठशाची रीत हिचीच. कोणत्याही पेपराला एवढं पुरेल. पुरस्कार राहू दे, ही पोर आज घरी जाईल की नाही, तेच कळेना. आणि सर कुठेतरी औषधावाचून पडले असतील तर त्यांचा वेळ इथे बोलत बसण्यातच चालला होता.

चैताली मात्र त्या विसाव्या हाताकडे टक लावून बघत होती. तिने बोट पुढे केलं, पण टेकवलं नाही.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “सकाळी ह्यो लाल होता म्हनता ना? आता बघा.”

मी बघितलं. एकोणीस हात तसेच लाल होते. विसावा तपकिरी पडला होता, आणि बोटांची टोकं पुन्हा पिवळी व्हायला लागली होती.

तो हात जात चालला होता.

चार

दुसरा स्पर्धक विक्रम. हिंजवडीचा, जमीनवाल्यांच्या घरातला. कंपन्यांच्या बसमधल्या जुन्या सीटा आणि गळ्यातल्या ओळखपत्रांच्या नाड्या जोडून त्याने समोरच्या अंगणात एक प्रचंड बैल उभा केला होता. मला तो बैल आवडायचा. विक्रम कमी.

“मॅडम, मला काय मोटिव्ह?” खिशातली सॅनिटायझरची बाटली काढून त्याने हात चोळले, हे तो दर पाच मिनिटांनी करतो, माणसांशी बोलल्यावर जरा जास्तच. “सर मला तोंडावर म्हणाले, तुझं काम शोरूमसारखं दिसतं. ओके, फाइन. म्हणून मी म्हाताऱ्याला गायब करू?”

“काल किती वाजेपर्यंत होतात?”

“साडेपाच ते सात. बैलाचे जादा पार्ट टेम्पोत टाकत होतो. गेटमध्येच टेम्पो लावलेला, कंप्लीट ब्लॉक. आणि मधेच साडेसहाला लाइट गेली, वीस मिनिटं. मोबाइलच्या टॉर्चवर लोडिंग केलं. नाइटमेअर.”

“कोणी आत-बाहेर गेलं?”

“सहाला कचरू गेला, मग चैताली, रडत. मग कोणीच नाही. सायकल गेली नसती तिथून.”

तेजस्विनींनी लिहून घेतलं. ते वाक्य त्यांच्या वहीत गेलं; माझ्या डोक्यात मात्र बाईंनी सांगितलेली सव्वासहाची रिक्षा अडकली.

कचरू कोपऱ्यात बसला होता. मी त्याला चहा दिला. घाबरलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याआधी चहा द्यावा, त्याने खरं बोलायची सोय होते.

“काल मंडईतून आल्यावर काही वेगळं दिसलं का रे?”

“काय बी न्हाई. बाई ऑफिसात बसल्याल्या. लई उशीरापत्तुर. म्या म्हनलं जेवा, तर न्हाई म्हनल्या. आन् ती शेजारची ठकठक. बिल्डिंगवाले रातीचं बी काम करत्यात, झोपू देत न्हाईत. बाईंना बोललो, तर म्हनल्या, असू दे, पहाटं थांबल.”

“थांबली?”

“थांबली की. उजाडायच्या आधी.”

मी कप खाली ठेवला. शेजारच्या बांधकामावर चार दिवस चिटपाखरू नव्हतं.

मला हवा हवी होती, म्हणून पुढच्या दाराशी आले. मांडणीतला तो कोल्हापुरी जोड अजून तिथेच होता. मी खाली बसले आणि उजवी चप्पल उलटी केली. अंगठ्याचा पट्टा मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेला होता, पुस्तकाच्या शिवणीसारखा, दुहेरी गाठ मारून. तशी गाठ पुण्यात आता फारशी कोणी मारत नाही.

मागच्या महिन्यात मीच मारली होती. रंगनाथ सरांसाठी.

पाच

“म्हातारा माणूस,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “विसरून अनवाणी गेला असेल.”

“सदाशिव पेठेतल्या घरापर्यंत?” तेजस्विनी म्हणाल्या. “इमारत बघायची मला. सगळी.”

बघितली. दोन दालनं, ऑफिस, माळा, माझी खोली, जिथे मी खिमटासारखी खळ शिजवते आणि फाटलेलं जग चिकटवते. कुठे काही नाही. उरलं तळघर, जिथे संग्रह ठेवलेला असतो. मागच्या बोळाच्या टोकाला, बेसिनच्या शेजारी त्याचं दार. दाराच्या चारी कडांना रुंद तपकिरी टेप, काल सकाळी हात धुताना ती नव्हती, आणि मधोमध बाईंच्या वळणदार अक्षरातली पाटी: ‘वाळवीसाठी विषारी धूर सोडला आहे. शुक्रवार दुपारी बारापासून बहात्तर तास दार उघडू नये. उघडल्यास परिणामांस आपण जबाबदार.’

“सर इथे नसणार,” बाई म्हणाल्या. “ते सहापर्यंत सगळ्यांना दिसले. हे दार त्याच्या सहा तास आधी बंद झालंय. आता उघडलंत तर आत जाणारा मरेल आणि चोवीस वर्षांचा संग्रह वाया जाईल. कंपनीचा माणूस सोमवारी येतो.”

तेजस्विनी घुटमळल्या. पाटीला पुण्यात माणसं पोलिसांपेक्षा जास्त मानतात. बाजूच्या दिव्याखाली उदबत्तीचं घर होतं. गेलं वर्षभर बाई तिथे सकाळ-संध्याकाळ धूप लावायच्या. त्या दिवशी धुपाखालचा वास मला पहिल्यांदा नीट आला. ओल्या गोणपाटाचा.

“कचरू,” मी म्हटलं, “काल चारला चैतालीचा कागद टांगायला घोडा कुठून आणलास? उंच शिडी?”

“तळघरातनं. पायऱ्यांच्या तोंडालाच असतो की, आतल्या कुलपाच्या दाराअलीकडं.”

“दाराला टेप होती?”

“असती तर घोडा कसा काढला असता, ताई?”

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या.

सहा

“उघडा,” मी म्हटलं. “तोवर मी बोलते.”

विक्रम आणि कचरू टेप ओरबाडायला लागले. बोलले नसते तर मी रडले असते, म्हणून बोलत राहिले.

“हळदीला लाल करणाऱ्या दोन गोष्टी प्रत्येक घरात असतात. चुना आणि साबण. चुन्याचा हात वाळला की त्याच्यावर पांढरी भुकटी राहते, बोटाला खरखर लागते. त्या एकोणीस हातांना ती आहे, विसाव्याला नाही. आणि चुना टिकतो. साबणाचा लाल डाग दिवसभरात विटतो. साडीवर वरण सांडलेल्या कोणत्याही बाईला विचारा.

“म्हणजे तो हात साबणाचा, आणि ओला. मग कोणाचा? कचरूच्या हाताला साबण लागला असता तर पेपरात आलं असतं. विक्रम बाटलीतलं पाणी चोळतो. चैताली आपल्या कागदापाशी साबणाला शिवतच नाही, तिला तर तिची हळद माहीत. ही वडी वापरणाऱ्या इमारतीत दोघीच. मी साडेपाचला घरी गेले होते, पण ते राहू दे.” मी डावा हात वर केला. “मला अर्धं बोट नाही. त्या हाताला पाची आहेत.”

“शालन,” बाई म्हणाल्या. एवढंच.

“साडेसहाला दिवे गेले. परका माणूस असता तर त्याने मोबाइल पेटवला असता. भिंतीला हात लावून इथून पुढच्या दालनात कोण जातं? जिला तीस वर्षं ही भिंत पाठ आहे. पुढच्या टेबलाच्या खणात टेप असते, ती आणायची होती. पण कागद दुपारी चारला मागच्या दालनात, तुमच्या वाटेवरच्या भिंतीवर आला होता आणि तुम्ही दोनपासून बाहेर होतात. सहाला मागच्या दाराने आलात, सर इथेच तुमची वाट बघत होते. भिंत समजून तुम्ही त्या बायकांमध्ये हात टेकलात. म्हणून सकाळी विचारलंत, हा इथे कसा.”

टेपचा शेवटचा पट्टा निघाला. दार उघडलं, आत दुसरं दार, त्याला कुलूप होतं. तेजस्विनींनी बाईंपुढे हात केला.

बाईंनी कमरेची किल्ली काढली आणि त्यांच्या नव्हे, माझ्या हातावर ठेवली.

सात

धूर वगैरे काही नव्हता. वास होता. दिवा लावला तर खाली घोटाभर काळं पाणी, आणि त्या पाण्यात, मांडण्यांवर, भिंतीला टेकून, चोवीस वर्षं. फुगलेल्या चौकटी. बुरशीने फुललेली चित्रं, लांबून फुलांचीच वाटावीत अशी. कोणाचंतरी मातीचं शिल्प परत चिखल होऊन बसलेलं. ‘आम्ही जिवापाड सांभाळू.’

तळाच्या पायरीवर रंगनाथ सर होते. एक पाय वाकडा, भलत्याच बाजूला. हातात तुटक्या चौकटीची पट्टी. तिचं टोक ठोकून ठोकून दातवणासारखं झालं होतं. अंगाभोवती त्यांनी एक गोधडी लपेटून घेतली होती, शाळेच्या जुन्या गणवेशांची. ती आठव्या वर्षीची पुरस्कारविजेती कृती होती. पायऱ्यांलगतच्या फळीवर, पाण्याच्या वर होती म्हणून कोरडी राहिली.

चैताली सगळ्यांच्या आधी खाली उतरली, इस्त्रीच्या साडीसकट. सरांच्या नाकाशी तिने तळहात धरला. कितीतरी वेळ.

“हाय,” ती ओरडली. “श्वास हाय!”

सरांना पाठुंगळी घेऊन वर आणलं ते विक्रमने. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली, शर्टावर बुरशी, आणि तो “सर, स्टे विथ मी, सर, झोपायचं नाही” म्हणत अँब्युलन्सपर्यंत पळत गेला. त्या दिवसापासून मला तो बैलाइतकाच आवडतो.

बोळात बाई स्टुलावर बसल्या होत्या. तेजस्विनींनी विचारायच्या आधीच बोलल्या.

“गेल्या वर्षी शेजारच्यांनी खोदताना पाण्याची लाइन फोडली. मी तेव्हा गावाला होते. आले तोवर आठ दिवस पाणी साचलेलं. कोणाला सांगणार? त्या चोवीस जणांना? म्हटलं, हळूहळू सुकवेन, दुरुस्त करेन, कोणाला कळायच्या आत. काल सर हट्टाला पेटले. म्हणाले, दाखव, नाहीतर उद्या व्यासपीठावरून विचारतो. मी कुलूप काढलं. ते चार पायऱ्या उतरले, खालचं पाहिलं, आणि तेवढ्यात दिवे गेले. घसरले ते. मी ढकललं नाही. मी खाली गेले, चाचपडत. डोक्याला हात लावला, तर हलेनात. वाटलं, गेले.”

“मग ठकठक?” मी विचारलं.

“टेप लावल्यावर सुरू झाली.”

“ऑफिसात बसून ऐकलीत?”

“दोनदा दारापर्यंत आले, शालन. किल्ली हातात घेऊन. पण दार उघडलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं.” त्यांनी मान वर केली, आणि पहिल्या दिवशी मला वडी देताना होता तोच चेहरा दिसला, कडक आणि स्वच्छ. “वर आल्यावर मी हात धुतले होते, बाळा. अंधारातसुद्धा. बुरशीचे हात घेऊन दालनात कसं जाणार? कोणाच्या कामाला लागलं असतं म्हणजे?”

“माहीत आहे, बाई,” मी म्हटलं. “तुम्हीच शिकवलंत. पुसायला विसरलात.”

त्या संध्याकाळी पुरस्कार जाहीर झाला नाही. कचरूने आणलेले हार टेबलावरच सुकले. तीन आठवड्यांनी सर प्लास्टरातला पाय खुर्चीवर ठेवून विश्वस्तांसमोर बसले आणि बंद पाकीट फोडलं. नाव चैतालीचंच होतं. ती म्हणाली, पुरस्कार घेते, पण कागद देत नाही. आधी त्या चोवीस जणांना बोलवा, खाली न्या, दाखवा, मग माझ्या आईचा हात मागा. सर मला म्हणाले, “शालन, पंचवीस वर्षांत या इमारतीत टिकलेली एकच गोष्ट माझ्याकडे आहे, तुझी चपलेची शिवण.”

तो कागद आता मांजरीच्या शाळेच्या व्हरांड्यात आहे, ऊन येत नाही अशा भिंतीवर. बायका येतात, आपापला हात शोधतात, मग शेजारणीचा. विसावा हात सहाव्या दिवशी पूर्ण गेला. तेजस्विनींकडे कोर्टासाठी त्याचा फोटो आहे. चैतालीने विचारलं होतं, उरलासुरला लिंबाने पुसू का? मी म्हटलं, नको, त्याला आपलं आपण जाऊ दे.

मी अजून संग्रहालयातच असते. चोवीसपैकी नऊ कामं वाचतील असं वाटतं. विक्रम शनिवारी येऊन चौकटी उचलतो. सकाळी बोळातल्या बेसिनपाशी उभी राहते. तीच वडी आहे. मधोमध झिजून तिला खळगा पडलाय, दोन बायकांच्या हातांचा. मी हात धुते, पंच्याला पुसते, नखांच्या कडासुद्धा.

मग तळघराच्या दाराशी कान लावून जरा उभी राहते. आत कोणी नाही, हे माहीत असतं. तरी ऐकून घेते.